सव्वीस काळे ठिपके

हे लिहायला बसताना मी एकच प्रश्न समोर ठेवला आहे. अतिउंचीवर गेल्यामुळे ज्याच्या मेंदूला सूज येते, तो माणूस बरा झाल्यानंतरही त्याच्या मेंदूच्या चित्रात काळे ठिपके राहू शकतात. त्या ठिपक्यांवरून तो माणूस किती शाबूत उरला आहे, हे सांगता येते का? प्रश्न शास्त्राचा आहे, पण मला तो शास्त्राच्या ओढीने पडलेला नाही. हे माझ्या यजमानांच्या बाबतीत घडले आहे. या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे धरून ते गेले चार महिने घरात बसून आहेत. ते कामावर परत जातील की असेच बसून राहतील, हे या एका उत्तरावर अडले आहे.

मी आमगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे विज्ञान आणि भूगोल शिकवते आहे. यजमान एका राइस मिलमध्ये तांदूळ तपासतात. मिलमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लॉटचा नमुना त्यांच्या टेबलावर येतो. पोत्यात परखी खुपसायची, तिच्या पन्हळीतून घसरत आलेला तांदूळ पांढऱ्या ताटलीत पसरायचा आणि चिमट्याने दाणे वेगळे करायचे. अखंड दाणा एका बाजूला, तुकडा दुसऱ्या, पिवळा पडलेला तिसऱ्या आणि काळा डाग असलेला चौथ्या. प्रत्येक दोषाची मर्यादा टक्क्यांत ठरलेली असते. मर्यादेच्या आत असेल तर लॉट पास, एकाही दोषात ती ओलांडली तर रिजेक्ट. मध्ये काही नाही. पोती कोणाची, शेतकरी कोण, मालक किती घाईत आहे, यातले काहीही ताटलीत दिसत नाही आणि त्यांनी ते कधी पाहिलेही नाही.

मी डबा घेऊन मिलमध्ये जात असे तेव्हा हमालांना त्यांची थट्टा करताना ऐकलेले आहे.

“काऊन जी भाऊ, बाई पाहाले गेलते तवाबी चिमटा घेऊन गेलते का?”

“चिमटा नेलो असतो तं आजवर बिनलग्नाचा राह्यलो असतो,” असे म्हणून ते माझ्याकडे न पाहता पुढचा दाणा उचलत.

मागच्या उन्हाळी सुटीत शाळेतल्या आणखी दोन कुटुंबांबरोबर आम्ही हिमालयातल्या एका उंच खोऱ्यात गेलो. गोंदिया स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती तीनशे मीटरच्या थोडी वर आहे. दरवर्षी सहावीच्या मुलांना मी ती वाचून यायला सांगते आणि मग उंची, हवेचा दाब व प्राणवायू यांचा संबंध समजावून देते. त्याच मी मैदानातून निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी चार हजार मीटरच्या वर मुक्काम करायला संमती दिली, कारण सहलीच्या पत्रिकेत तसे छापलेले होते. छापलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास आहे. या हकीकतीत तो आणखी एकदा आडवा येणार आहे.

पोहोचलो त्या संध्याकाळी सर्वांचीच डोकी दुखत होती. दुसऱ्या सकाळी इतरांची थांबली, यजमानांची थांबली नाही. त्यांना उलटी झाली. खोलीतून बाहेर येताना ते पाय फाकवून, भिंतीला हात लावत आले. धानाच्या रोवणीच्या चिखलात माणूस जसा चालतो तसे ते कोरड्या फरशीवर चालत होते.

“डोकं फुटून राहिलं,” ते म्हणाले.

आता मी केलेली चूक सांगते. आमच्याकडे पोटात भात गेला नाही तर माणूस जेवला असे कोणी मानत नाही. वाटेतले दोन दिवस आम्ही पोळ्या आणि बिस्किटे खाल्ली होती. मी मनाशी निदान केले की, भात मिळाला नाही म्हणून पायांत जोर नाही. हे बोलूनही दाखवले आणि सोबतच्या दोन्ही कुटुंबांनी माना डोलावल्या. आम्ही सर्व भाताच्या मुलखातली माणसे होतो. त्या अंगणात पोळीच्या मुलखातले एखादे माणूस असते तरी बरे झाले असते.

मुक्कामाच्या घरमालकिणीकडे तांदूळ होता, पण कुकरचे रबर फाटलेले होते. उघड्या पातेल्यात भात शिजेना. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी कमी तापमानालाच उकळते आणि उकळत्या पाण्यातही दाणा कच्चा राहतो. ते मला पाठ होते. चुलीशी उभी राहून मी सोबतच्या शिक्षिकेला ते उदाहरणासह समजावून सांगितले. पुस्तकातली गोष्ट डोळ्यांपुढे घडत असल्याचा मला आनंद झाला होता, हेही लिहून ठेवले पाहिजे. हवेच्या त्याच कमी दाबामुळे शेजारच्या खोलीत एका माणसाच्या मेंदूत पाणी झिरपत होते. तो धडा मी कधी शिकवला नव्हता, म्हणून तो मला दिसला नाही. दोन तासांहून अधिक वेळ त्या पातेल्यावर गेला.

अर्धा कच्चा भात ताटलीत घालून मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सवयीप्रमाणे एक शीत दोन बोटांत उचलले, डोळ्यांजवळ नेले आणि बराच वेळ पाहिले.

“हे का होय?” त्यांनी विचारले.

मी हसले. माझ्या हातच्या भातावर त्यांनी लग्नापासून टोमणे मारले आहेत. कधी चिखल म्हणाले, कधी खडी म्हणाले. “तुमच्या मिलचाच असेल, ओळखा आता,” असे मी उत्तर दिले आणि वाटी धुवायला गेले. तांदूळ ओळखण्यावर ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस तांदळाचे शीत हातात घेऊन हे काय आहे असे खरोखरच विचारत होता. मला ती थट्टा वाटली.

त्यानंतर तास-दीड तासाने आमचा गाडीवाला पाणी मागायला आत आला. तो तिकडचाच होता. यजमान स्वेटरच्या बाहीत दुसरा हात घालण्याचा प्रयत्न करीत होते. त्याने त्यांना उठवले, फरशीच्या सांध्यावर उभे केले आणि एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ चालायला सांगितले. दुसऱ्याच पावलाला ते कोसळले.

“मॅडम, नीचे. अभी,” तो म्हणाला.

“सामान तरी...”

“सामान यहीं रहेगा. साहब को रहना है कि नहीं?”

गाडीत प्राणवायूची नळकांडी होती. उतारावरचे ते तास मी लिहिणार नाही. त्यांनी मला ताई म्हणून हाक मारली, मग कोणतीच हाक मारली नाही. खालच्या गावात इंजेक्शन आणि प्राणवायू मिळाला, तिथून आणखी खाली नेले. तिसऱ्या दिवशी मैदानातल्या एका शहरात ते पुन्हा माझे नाव घेऊ लागले आणि त्याच दिवशी त्यांच्या मेंदूचे पहिले चित्र काढले गेले.

वाचकांनी एक गोष्ट येथे नीट वेगळी ठेवावी. वर असताना निदान चित्राने केले नाही. ते गाडीवाल्याने फरशीच्या सांध्यावर केले. चित्र काढले गेले तेव्हा यजमान उतरून आलेले होते आणि औषध चालू झालेले होते. चित्र नंतर येते आणि जे होऊन गेले त्याच्या खुणा दाखवते.

मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा एक जाड पट्टा मध्यभागी असतो. पहिल्या चित्रात त्या पट्ट्याचे मागचे टोक पांढरे दिसत होते. प्राणवायू कमी पडल्यावर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, बाहेर पडलेल्या पाण्याने भाग सुजतो आणि विशिष्ट प्रकारच्या चित्रात ती सूज पांढरी दिसते. तिथल्या डॉक्टरांनी पेन टेकवून ती मला दाखवली आणि ती ओसरेल असे सांगितले. मग दुसऱ्या प्रकारच्या चित्रावर त्यांनी काही काळे ठिपके दाखवले. पाण्याबरोबर रक्ताचे थोडे कणही बाहेर पडतात. पाणी शोषले जाते, पण रक्तातले लोह जागीच राहते आणि लोह ओळखणाऱ्या चित्रात ते काळे उमटते. ठिपके नऊ होते. मी ते वहीत उतरवून घेतले, कारण उतरवून घेणे हा माझा स्वभाव आहे.

घरी परतल्यावर दोन महिन्यांत ते सरळ चालू लागले. बोलणे पूर्ववत झाले. पोळ्याच्या दिवशी शेजाऱ्यांशी बैलांच्या वयावरून भांडले, तेव्हा मला रडू आले, कारण तो आवाज त्यांचाच होता. पावसाळ्यात मिलचे काम तसेही मंद असते. दिवाळीनंतर नवा धान येऊ लागला की टेबलावर बसायचे, असे ठरले. त्याआधी एकदा चित्र काढून खात्री करून घ्यावी, हे मी सुचवले. कोणत्याही डॉक्टरने सांगितले नव्हते. परीक्षेनंतर निकालपत्र हातात असावे, एवढाच माझा विचार होता.

दुसरे चित्र दुसऱ्या शहरात, नव्या आणि अधिक ताकदीच्या यंत्रावर निघाले. सोबतच्या कागदावर जुन्या सूक्ष्म रक्तस्रावाच्या अनेक खुणा दिसतात असे छापले होते. फिल्म घेऊन घरी आलो. यजमानांनी ती दक्षिणेच्या खिडकीच्या काचेवर लावली, खिशातून भिंग काढले आणि चिमट्याचे टोक एकेका ठिपक्यावर ठेवत मोजायला सुरुवात केली. मी चहा ठेवला होता. तो उतू गेला तरी त्यांचे मोजणे संपले नव्हते.

“सव्वीस,” ते म्हणाले.

“तुम्ही एखादा दोनदा मोजला असेल.”

“मी?” त्यांनी मागे वळून पाहिले. “तीस साल झाले मले मोजून राहिलो. दोनदा मोजलो म्हनते.”

मीही मोजले. सव्वीस होते.

“नऊचे सव्वीस झाले,” ते अगदी शांतपणे सांगू लागले. “ओल धरलेलं पोतं गोदामात ठेवलं का असंच होते. वरून पोतं जसंच्या तसं. आतमधी दाना कारा होत जाते, रोज थोडा थोडा. खोलून पाहाल तं समजते. हा लॉट रिजेक्ट आहे.”

“तुम्ही लॉट आहात का?”

“मंग कोन होय मी?”

दुसऱ्या दिवशी ते मिलमध्ये गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मोटारसायकलची किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवली आणि खाली काढली नाही. मी तांदूळ निवडायला सूप घेऊन बसले की ते उठून परसात जात. आधी मला वाटले, चार दिवसांचा राग आहे. मग मिलमालकाने निरोप पाठवला की, नवा हंगाम थांबत नाही, म्हणून तात्पुरता दुसरा माणूस टेबलावर बसवतो आहे. तो निरोप ऐकून ते म्हणाले, “बरोबर केलं त्याईनं.” तेव्हा मी घाबरले.

मी त्यांना नागपूरला अशी चित्रे वाचणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या आणि अतिशय नीट समजावले. पांढरी सूज पूर्ण गेली आहे, हे पहिले. ठिपके वाढलेले नाहीत, दिसण्याची शक्ती वाढली आहे, हे दुसरे. पहिले यंत्र कमी ताकदीचे होते आणि त्यावरचा लोह ओळखण्याचा प्रकारही जुना होता. त्याला नऊ दिसले. नव्याला त्याच वेळचे उरलेले, आधी न दिसलेले, बारीकही दिसले. शिवाय लोहाची खूण चित्रात तिच्या खऱ्या आकारापेक्षा मोठी उमटते. हे डाग बहुधा वर्षानुवर्षे तसेच राहतील, पण डाग राहणे म्हणजे आजार राहणे नव्हे. एवढे बोलून त्यांनी यजमानांना चालवले, बोटाने नाक गाठायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. सर्व ठीक झाले.

“किती परसेंट?” यजमानांनी विचारले.

“कशाचे?”

“खराबीचे. किती परसेंटवर पास धरता तुमी?”

“काका, याला परसेंट नसतो,” बाई हसून म्हणाल्या. “सारखे ठिपके असलेली दोन माणसं सारखी नसतात. मी चित्राकडे बघून माणूस पास-नापास करत नाही.”

“आणि आता जे पाहिलं, चालनं, वजाबाकी, हे एका जागचाच नमुना झाला ना? एका पोत्यात परखी घालून कोनी लॉट पास करत नाही बाप्पा.”

बाई पुन्हा हसणार होत्या, पण यजमानांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबल्या. “त्यासाठी तुम्हाला तुमच्या कामावरच जावं लागेल,” त्या म्हणाल्या. मला वाटले, याहून योग्य उत्तर कोणी देऊ शकले नसते. परतीच्या गाडीत भंडारा मागे पडेपर्यंत ते फिल्मचे पाकीट मांडीवर धरून होते. मग म्हणाले, “ज्याले परसेंटच नाही, तो माल पास कसा करावा? तूच सांग. तू तं मास्तरीन आहे.”

यानंतर मी जे केले ते वाईट होते.

मी त्यांच्या चुका लिहू लागले. हजेरीच्या एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर, तारीख घालून, लाल शाईने. सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती. महिनाभराच्या नोंदी घेतल्या तर चुका फारशा नाहीत हे मी त्यांना पुराव्याने दाखवू शकेन, असे वाटले. पण लिहू लागल्यावर मला चुकाच दिसू लागल्या. चष्मा शोधला, तो डोक्यावर होता. पुतणीला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. गॅस चालू राहिला. दुधाची पिशवी फ्रिजऐवजी कपाटात ठेवली. दर वेळी, हा कोणता ठिपका, असा विचार मी करीत असे. सव्वीसपैकी कोणता? मी विज्ञान शिकवते. ठिपका आणि चूक यांचा असा एकास एक संबंध लावता येत नाही हे मला माहीत होते. तरी मी लावत होते.

ती वही त्यांना सापडली. मी शाळेतून आले तेव्हा ते चष्मा लावून ती वाचत बसले होते. रागावलेले नव्हते. ताटलीकडे जसे पाहत तसे पाहत होते.

“एकतीस,” ते म्हणाले.

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“यातली सतरावी काट. त्या दिवशी गॅस तू चालू ठेवून शारेत गेलती. मी बंद केलो.”

मी आठवून पाहिले. ते खरे होते.

“तुयीबी वही करू का आता?” ते म्हणाले. क्षणभर ते हसले आणि मीही हसले. मग त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. “तूबी चिमटाच धरून बसली व. मी म्हनत होतो, घरात एक जन तरी बिनचिमट्याचा असन.”

ते वाक्य मी अजून गिळू शकलेली नाही. त्या दिवसापासून ते माझ्यासमोर फार कमी बोलतात. चूक होऊ नये म्हणून बोलत नाहीत, की मी ऐकते म्हणून, हे मला कळत नाही. जो माणूस बोलतच नाही तो बरा आहे की नाही हे ओळखण्याचे माझ्यापाशी कोणतेही साधन नाही.

शेवटचा उपाय म्हणून मी मिलमधल्या सर्वांत जुन्या हमालाला विनंती केली. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. यजमान कामाला लागले तेव्हापासून पोती तेच उतरवून देत आले आहेत. एका रविवारी सकाळी काकाजी पाच पुड्या घेऊन आमच्या अंगणात आले. पाचही नमुन्यांचा निकाल मिलमध्ये आधीच निघालेला होता आणि तो घडी घातलेल्या कागदावर माझ्याकडे होता. यजमानांनी नकार दिला. काकाजी ओट्यावर बसकण मारून म्हणाले, “तुमी नाही पाहाल तं मी उठून नाही राहिलो. आज घरी डुकराच्या मटनाची भाजी नाही, मले जेवाची घाई नाही.”

“बुढा झाला तरी तोंड तसंच.”

“हातबी तसेच आहेत. तुमचे दाखवा.”

ते बसले. पहिली पुडी ताटलीत पसरली आणि मी आजारानंतर प्रथमच ती बोटे दाण्यांवर चालताना पाहिली. दाणे चार बाजूंना जाऊ लागले. काकाजी मध्येच बोलत, यजमान हुंकार देत. साडेदहा ते एक असे ते चालले. मी कागदाशी ताडून पाहत गेले. पहिला बरोबर, दुसरा बरोबर, तिसरा, चौथा बरोबर. पाचव्यात त्यांनी पिवळसर दाण्यांपैकी बरेच चांगल्यात टाकले होते. कागदावर तो लॉट रिजेक्ट होता. त्यांनी तो पास केला होता.

मी कागद लपवणार होते. त्यांनी हात पुढे केला.

“पाहा,” ते म्हणाले. “एक गेला.”

“पाचांतून एक,” मी म्हणाले. “आजारापूर्वी किती जात होते, हे माहीत आहे का कोणाला?”

“एकबी नाही.”

“का सांगता भाऊ!” काकाजी मोठ्याने हसले. “दोन खेप माल सरकारी गोदामातून वापस आलता तुमचा. पिवरा दाना म्हनून. पोती मीच उतरवलो ना, दोन्ही खेप. मालक तुमाले किती बोलला होता, सारी मिल आयकत होती.”

यजमान त्यांच्याकडे पाहत राहिले. “कधी?”

“अरे! दाहा-बारा साल झाले असतीन. तुमी दोन दिवस जेवले नाही. विसरले?”

“मले याद नाही,” ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तुले आहे का?”

मला आठवत होते. ते दोन दिवस जेवले नव्हते हे मला चांगलेच आठवत होते. मी “हो” म्हणाले, आणि ते बोलल्यावर मला कळले की, मी काय केले आहे. पाचवा नमुना चुकणे हे आजाराचे लक्षण नाही, असे काकाजींनी नकळत सिद्ध करून दिले होते. आणि त्याच क्षणी एक नवा पुरावा समोर आला होता. एवढा मोठा अपमान त्यांना आठवत नव्हता. तो काळ्या ठिपक्याने नेला, की माणूस स्वतःचा अपमान जसा मनाआड करतो तसा तो आजाराच्या कितीतरी आधीच गेला होता? मी त्यांना दहा वर्षांत त्याबद्दल कधी विचारले नव्हते. त्यांच्या मेंदूचे आजारापूर्वीचे चित्र नाही. त्यांच्या चुकांची आजारापूर्वीची वही नाही. त्यांच्या आठवणींची यादी कोणीच केलेली नाही. आधीचा नमुना नसताना नंतरच्या नमुन्याची तुलना कशाशी करणार?

काकाजी चहा पिऊन गेले. यजमानांनी पाचही नमुने पुन्हा पुड्यांत भरले, कोणता कोणत्या पुडीतला हे न चुकता. मी ते पाहिले. पाहिल्याचे दिसू दिले नाही.

माझ्या प्रश्नाचे मला मिळालेले उत्तर असे आहे. पांढरी सूज आली होती आणि गेली, हे चित्र खात्रीने सांगते. रक्त झिरपले होते, हे काळे ठिपके सांगतात. माणूस किती उरला, हे ते सांगत नाहीत. ते डॉक्टरीणबाईंची तपासणीही पूर्ण सांगत नाही, तांदळाची ताटलीही सांगत नाही आणि सत्तावीस वर्षे सोबत राहिलेली बायकोही सांगू शकत नाही. हे उत्तर मी त्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “म्हनजे रिजेक्टबी नाही अन् पासबी नाही. असा माल कोनत्या गोदामात ठेवावा?” येत्या सोमवारी मिलमध्ये जाईन, असे ते काल म्हणाले. असे ते याआधीही दोन सोमवारी म्हणाले आहेत.

मी डॉक्टर नाही. चित्रांविषयी जे लिहिले आहे ते दोन डॉक्टरांकडून ऐकून आणि वहीतल्या नोंदींवरून लिहिले आहे. त्यात माझी समजण्याची चूक असू शकते. माझ्या बोलण्यावर विसंबू नये. आपल्या घरात अशी दोन वेळची चित्रे असतील तर ती कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या प्रकारे काढली आहेत हे आधी कागदावर पाहावे, ती दोन्ही एकत्र घेऊन जाणकार डॉक्टरांना दाखवावीत, आणि उंचीवर जाण्यापूर्वी या आजाराची लक्षणे त्यांना विचारून घ्यावीत. येथे लिहिलेले प्रत्येक विधान कृपया स्वतः तपासून पाहावे.